सैन्य नसलेल्या देशाचा पैसा जातो कुठे?

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या फौजेत. सासरे होते, यजमान सुभेदार म्हणून निवृत्त झाले, धाकटा मुलगा आज सिग्नलमध्ये आहे. मी शाळेतून निवृत्त झाले तरी संध्याकाळी गल्लीतली पोरं अभ्यासाला येतात. परवा सातवीतल्या एकीनं विचारलं, ‘बाई, सैन्यच नाही असा देश असतो का? मग त्यांचे तेवढे पैसे जातात कुठे?’ यजमान ओसरीवर पेपर वाचत होते. ते तिथूनच म्हणाले, ‘असा देश असता तर शेजाऱ्यानं केव्हाच गिळला असता.’ मला दोघांनाही धड उत्तर देता आलं नाही. आमच्याकडे यंदाही मार्चपासून टँकर चालू होता, म्हणून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. लष्करावरचा पैसा पाण्यावर, जंगलावर, हवामानावर वळवला, असं खरंच कुठे घडलंय का?
— एक निवृत्त शिक्षिका, ता. माण, जि. सातारा

उत्तर : बाई, असतो असा देश. जगात स्वतःचं सैन्य न ठेवणारे वीसेक देश आहेत. त्यांतले पुष्कळसे इतके चिमुकले आहेत की त्यांचं उदाहरण देऊन सुभेदारसाहेबांचं समाधान व्हायचं नाही. म्हणून एकाच देशाबद्दल सविस्तर लिहितो : मध्य अमेरिकेतला कोस्टा रिका. लोकसंख्या पन्नास लाखांच्या घरात, क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश. एका अंगाला पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र, मधे डोंगर, कॉफीचे मळे आणि आपल्या घाटमाथ्यासारखा कोसळणारा पाऊस. उत्तरेला निकाराग्वा. हा शेजारी बरीच वर्षं एका सशस्त्र हुकूमशाही घराण्याच्या मुठीत होता, तेव्हा सुभेदारसाहेबांची शंका तिथल्या लोकांनाही नक्कीच आली असणार.

फेब्रुवारी 1948 मध्ये तिथे निवडणूक झाली आणि सत्ताधाऱ्यांच्या बहुमताच्या संसदेनं तिचा निकालच रद्द केला. त्यावर होसे फिगेरेस नावाच्या एका शेतकऱ्यानं उठाव केला. त्याच्या शेताचं नाव होतं ‘ला लुचा सिन फिन’, म्हणजे न संपणारी लढाई. शेतात घायपात लावलेलं, त्याचा वाख काढून दोर वळायचे आणि कॉफीची पोती विणायची, हा त्याचा धंदा. चव्वेचाळीस दिवस यादवी चालली. तेवढ्याशा देशात सुमारे दोन हजार माणसं मेली. फिगेरेस जिंकला आणि अठरा महिन्यांसाठी हंगामी सरकारचा प्रमुख झाला.

1 डिसेंबर 1948 रोजी तो राजधानी सान होसेमधल्या बेयाविस्ता छावणीत गेला, लोकांसमोर हातात घण घेतला आणि छावणीच्या तटावर घाव घातला. देशाचं सैन्य विसर्जित झाल्याची ती घोषणा होती. त्या छावणीत आज कोस्टा रिकाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. बुरुजांवर यादवीतल्या गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात, त्या मुद्दाम बुजवलेल्या नाहीत. शाळेच्या सहली तिथे येतात. ज्या भिंतीआडून गोळ्या सुटल्या, तिच्याच आत मुलं आता फुलपाखरं पाहतात. 1949 च्या राज्यघटनेच्या बाराव्या कलमानं कायमस्वरूपी सैन्याला बंदी घातली. पोलीस ठेवले. देशावर प्रसंग आलाच तर सैन्य उभारायची वाट खुली ठेवली.

फिगेरेसनं हे निव्वळ शांततेच्या प्रेमापोटी केलं, असं मी मुलांना सांगणार नाही. जे सैन्य त्यानं नुकतं हरवलं होतं ते शिल्लक राहिलं असतं तर उद्या त्याच्यावरच उलटलं असतं. तिजोरीत खडखडाट होता. शेजारच्या देशांमध्ये सेनापती उठतात आणि सरकारं पाडतात, हे तो रोज पाहत होता. यातलं कुठलंही कारण खोटं नाही आणि कुठल्याही एका कारणानं निर्णयाची किंमत कमी होत नाही, असं माझं मत आहे.

आता ‘शेजाऱ्यानं गिळला असता’ याबद्दल. घण पडल्याला दहा दिवस होतात न होतात तोच निकाराग्वाच्या बाजूनं हत्यारबंद माणसं कोस्टा रिकात घुसली. जानेवारी 1955 मध्ये पुन्हा तसंच झालं. दोन्ही वेळा अमेरिका खंडातल्या राष्ट्रांची संघटना मधे पडली. दुसऱ्या खेपेला अमेरिकेनं कोस्टा रिकाला चार मस्टँग लढाऊ विमानं दिली, किंमत प्रत्येकी एक डॉलर. म्हणजे सैन्य नसलेला देश दुसऱ्याच्या सैन्याच्या आणि कराराच्या आधारावर उभा राहिला, हे सरळ कबूल करायला हवं. प्रत्येक देशाला असा आधार मिळत नाही. आपल्याला तर नाहीच.

पण सीमेवरची एक गोष्ट अलीकडची आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. सान हुआन ही दोन्ही देशांच्या सीमेवरची नदी, तिच्या मुखाशी पाणथळ जंगलाचा एक तुकडा आहे. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये निकाराग्वानं नदीतला गाळ काढायच्या कामाबरोबर तिथे माणसं आणि सैनिक उतरवले आणि नदीपासून खाडीपर्यंत चर खणायला घेतला. चर खणायचा तर झाडं आड येतात. जवळजवळ तीनशे झाडं पडली. कोस्टा रिकाकडे पाठवायला पलटण नव्हती. त्यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. पाच वर्षांनी, 16 डिसेंबर 2015 रोजी निकाल लागला : जमीन कोस्टा रिकाची. मग नुकसानभरपाईवर वाद झाला आणि 2 फेब्रुवारी 2018 ला न्यायालयानं निकाराग्वाला सुमारे 3 लाख 79 हजार डॉलर भरायला लावले. त्यातले 1 लाख 20 हजार डॉलर निव्वळ निसर्गाच्या हानीपोटी होते. झाडं, माती, पाणथळ जागा यांनी जे द्यायचं ते देणं काही वर्षं थांबलं, त्याची ती भरपाई. निसर्गाच्या हानीचा मोबदला या न्यायालयानं एका देशाकडून दुसऱ्याला देववला, असं त्याच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. रक्कम लहान आहे. एका रणगाड्याची किंमत तिच्या कितीतरी पट असते. पण जमीन परत मिळाली, एकही माणूस मेलं नाही आणि उभ्या झाडाला कायद्याच्या दरबारात किंमत आली.

आता तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न : पैसे जातात कुठे?

पहिली गोष्ट, ते आपोआप चांगल्या कामाला जात नाहीत. कोस्टा रिकाच्या हंगामी सरकारनं सैन्य मोडल्यावर चार-पाच महिन्यांतच, एप्रिल 1949 मध्ये, सरकारी वीजसंस्था स्थापन केली. डोंगरातून वाहणाऱ्या पाण्यावर वीज करायची आणि ती खेड्यापाड्यांत न्यायची, हे तिचं काम. आज तिथली नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक वीज बहुतेक वर्षी पाणी, वारा आणि ज्वालामुखीच्या पोटातल्या उष्णतेपासून होते. सर्वांसाठीची आरोग्य विमा संस्था 1941 सालीच उभी राहिली होती, म्हणजे तिचं श्रेय घणाला देता येत नाही. पण पुढच्या दशकांत तिला पैसा पुरत राहिला. तिथली माणसं सरासरी ऐंशीच्या आसपास जगतात. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा खर्च झालाच पाहिजे, हे घटनेत लिहिलेलं आहे. तो हिस्सा 2011 मध्ये 8 टक्के करण्यात आला. सरकारांनी तो आकडा अजून गाठलेला नाही, आणि तिथले शिक्षक त्यासाठी रस्त्यावर येतात. पण घटनेत आकडा आहे म्हणूनच त्यांना बोट दाखवायला जागा आहे.

जंगलाचं मात्र वेगळंच झालं, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथे सापडतं. सैन्य नव्हतं त्याच दशकांत कोस्टा रिकानं आपलं जंगल सपासप तोडलं. गोमांसाची निर्यात करायची होती, गुरांना कुरणं हवी होती, आणि सरकारी बँका रान साफ करायला कर्ज देत होत्या. जो देश विसाव्या शतकाच्या मध्याला बहुतांशी जंगलाखाली होता, त्याच्याकडे 1980 च्या दशकात जेमतेम पाव हिस्सा जंगल उरलं. सैन्य नाही, तरी झाड वाचलं नाही. झाडासाठी कुणी पैसा बांधूनच ठेवला नव्हता.

तो बांधला 1996 मध्ये. त्या वर्षीच्या वनकायद्यानं दोन गोष्टी केल्या. जंगल तोडून जमिनीचा दुसरा वापर करायला बंदी घातली, आणि पेट्रोल-डिझेलवरच्या कराचा एक हिस्सा जंगल राखणाऱ्या शेतकऱ्यांसाठी वेगळा काढला. कायद्यात झाडाच्या चार सेवा मोजलेल्या आहेत : हवेतला कार्बन धरणं, पाणी राखणं, जीवजात सांभाळणं आणि निसर्गाचं सौंदर्य टिकवणं. ज्याच्या रानात झाडं उभी आहेत त्यानं करार करायचा आणि दर वर्षी पैसे घ्यायचे. गाडी चालवणारा धूर सोडतो, त्याच्या खिशातला पैसा धूर शोषणाऱ्या रानाच्या मालकाकडे जातो. पाचवीतल्या मुलालाही समजेल असा हा व्यवहार आहे. आज त्या देशाचा अर्ध्याहून अधिक भाग पुन्हा झाडाखाली आहे. नुसत्या या पैशानं ते झालं असं नव्हे. गोमांसाचा भाव पडला, पर्यटन वाढलं, याचाही त्यात वाटा आहे. पण तोडणं फायद्याचं होतं ते राखणं फायद्याचं झालं, हे कायद्यामुळे झालं.

आणखी एक धागा सांगतो, तो मुलांना आवडेल. घण चालवणाऱ्या फिगेरेसची मुलगी क्रिस्तियाना 2010 ते 2016 संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाची प्रमुख होती. डिसेंबर 2015 मध्ये पॅरिसचा हवामान करार झाला, तो तिच्याच कारकिर्दीत.

सगळं छान आहे असं समजू नका. 2023 साली कोस्टा रिकात नऊशेहून अधिक खून झाले, त्या देशाच्या इतिहासातला तो उच्चांक होता. कोकेनच्या वाहतुकीच्या टोळ्या बंदरांवर भिडल्या आहेत आणि पोलीस कमी पडतात. 2024 मध्ये एल निनोमुळे धरणं आटली आणि सरकारी वीजसंस्थेला कपात जाहीर करावी लागली. पाऊस आला म्हणून ती टळली. ज्या पाण्यावर सगळी भिस्त, तेच हवामान बदलानं बेभरवशाचं केलं आहे.

जगाकडे पाहू. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेच्या हिशोबानुसार 2024 मध्ये जगाचा लष्करी खर्च 2,718 अब्ज डॉलर होता. त्याच वर्षी बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी मान्य केलं की 2035 पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला किमान 300 अब्ज डॉलर मदत उभी करू. अकरा वर्षांनी वर्षभरात द्यायची ती रक्कम म्हणजे जगाच्या 2024 मधल्या लष्करी खर्चाचे चाळीस दिवस. नाटोच्या देशांनी जून 2025 मध्ये संरक्षण आणि सुरक्षेवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 5 टक्के खर्च करायचं ठरवलं आहे, तेही 2035 पर्यंतच. या आकड्यांपुढे बसलं की मन विषण्ण होतं. आणि या खर्चातून निघणारा धूर पूर्णपणे मोजलाही जात नाही. क्योटो करारात परदेशातल्या संयुक्त लष्करी मोहिमांचं इंधन हिशोबातून वगळलं गेलं, पॅरिस करारात लष्कराचा धूर कळवणं ऐच्छिक राहिलं. ब्रिटनमधल्या दोन संस्थांनी 2022 मध्ये केलेला अंदाज असा की जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे साडेपाच टक्के लष्करांमुळे निघतात.

पैसा एकदा मोकळा झाला होता, हेही ध्यानात घ्या. शीतयुद्ध ओसरलं तेव्हा 1987 ते 1994 या काळात जगाचा लष्करी खर्च दर वर्षी उतरत गेला. महबूब उल हक हे पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ, अमर्त्य सेन यांचे केंब्रिजपासूनचे मित्र. त्यांनी 1994 च्या मानव विकास अहवालात हिशोब मांडला : सात वर्षांत 935 अब्ज डॉलर वाचले. आणि ते माणसांच्या कामी आले याचा माग काही लागत नाही. तुटी भरण्यात, करसवलतीत, इकडेतिकडे ते विरले. ‘मानवी सुरक्षा’ हा शब्द जगभर गेला तो याच अहवालातून. ज्याला उद्याच्या जेवणाची, दवाखान्याची, पाण्याची खात्री नाही तो माणूस सीमा कितीही भक्कम असली तरी सुरक्षित नाही, हा हकसाहेबांचा मुद्दा होता. कोस्टा रिकाचं जंगल आणि हे विरलेले 935 अब्ज मला एकाच गोष्टीकडे नेतात : पैसा वाचवण्याआधी तो कुणाच्या नावावर जमा होणार हे कायद्यात लिहून ठेवायला हवं. पाटात पाणी सोडण्याआधी बांध घालतात तसं.

भारताचं काय? 2025-26 मध्ये आपली संरक्षणाची तरतूद 6 लाख 81 हजार कोटी रुपये होती. त्यातले सुमारे 1 लाख 61 हजार कोटी निवृत्तिवेतनाचे, म्हणजे सुभेदारसाहेबांचं पेन्शन त्यातच आहे. पर्यावरण आणि हवामान बदल मंत्रालयाची तरतूद साडेतीन हजार कोटींच्या आत. हवामानाशी संबंधित खर्च शेती, ऊर्जा, जलशक्ती अशा इतर खात्यांतही असतो, म्हणून या दोन आकड्यांची थेट तुलना करणं बरोबर नाही. आपल्या सीमांवर काय चालतं हे तुमच्या घराला मी सांगावं असं नाही. कोस्टा रिकासारखा घण इथे कुणी उचलावा असं मी म्हणणार नाही.

पण एका जागेबद्दल म्हणेन. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचिनवर सुमारे साडेएकोणीस हजार फुटांवरच्या चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गेले. त्यात तुमच्या माण तालुक्यातला एक होता. हे तुम्हाला माहीत असेल, कदाचित तुम्ही त्या घरी जाऊनही आला असाल. त्याआधी 2012 मध्ये पलीकडच्या बाजूला, ग्यारी इथे, हिमस्खलनात 140 पाकिस्तानी माणसं गाडली गेली. नोव्हेंबर 2003 पासून तिथे शस्त्रसंधी आहे. दोन्हीकडच्या बहुतेक जवानांना तिथे मारलं ते थंडीनं, विरळ हवेनं आणि बर्फानं. ही हिमनदी शहात्तर किलोमीटर लांब आहे, तिचं पाणी नुब्रातून श्योकला आणि श्योकमधून सिंधूला जातं, आणि दोन्ही देश त्या खोऱ्यातलं पाणी पितात. 2005 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिथे गेले तेव्हा हा शांततेचा पर्वत व्हावा असं बोलले होते. त्यापुढे गाडी सरकली नाही, आणि आजच्या वातावरणात ती लगेच सरकेल असं मला वाटत नाही. तरीही दोन्ही देशांचा लष्करी पैसा हवामानाकडे वळवायची सुरुवात करायला या उपखंडात सियाचिनइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. चौक्यांच्या जागी हिमनदीचं मोजमाप करणारी केंद्रं असावीत, दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांची. माणमधल्या आईला आपला मुलगा बर्फात गमावायला लागू नये.

आणि एक काम आपल्या देशात आधीच चालू आहे. 1982 मध्ये प्रादेशिक सेनेची पहिली पर्यावरण बटालियन डेहराडूनला उभी राहिली. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे डोंगर बोडके केले होते. तिथे निवृत्त जवानांनी गणवेशात, पलटणीच्या शिस्तीनं झाडं लावली आणि जगवली. पुढे अशा आणखी बटालियन झाल्या. महार रेजिमेंटशी जोडलेली अशी एक पर्यावरण बटालियन मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरला आहे. तिच्यात निवृत्त जवान परत वर्दी चढवून खड्डे खणतात, रोपं वाहतात, उन्हाळ्यात त्यांना पाणी घालतात. अशा बटालियनचा खर्च राज्य सरकार किंवा पर्यावरण खातं उचलतं, म्हणजे संरक्षणाच्या पैशाला इथे अजून हातही लागलेला नाही. तो लागू शकतो. माण-खटावच्या माळांवर अशी एक तुकडी यावी, ही मागणी तुमच्या गावानं ग्रामसभेत ठराव करून पाठवली तर तिला वजन येईल, कारण ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत पाठवली तीच घरं ती करत असतील.

सुभेदारसाहेबांच्या ओळखीचं कुणी ना कुणी संभाजीनगरच्या बटालियनमध्ये नक्की निघेल. तो सुट्टीत आला की त्याला घरी बोलवा, संध्याकाळच्या पोरांसमोर बसवा, आणि त्या सातवीतल्या मुलीला तिचा प्रश्न त्यालाच विचारू द्या.